चार बोटं साल

"तांबू, सांग गो तिका, घावणे थंड झाले."

गाईने कुणालाच काही सांगितलं नाही. ती माझ्या पिशवीत तोंड घालून माझी भाकरी खात होती.

पडवीच्या दुसऱ्या टोकाला मांडीवर गाठोडं घेऊन बसलेल्या बाईंनी गाईकडेच बघत उत्तर दिलं, "तांबू, सांग, माका भूक नाय." आणि मग ताटली पुढ्यात ओढून चारही घावणे संपवले. पहिल्या बाईंनी रिकामी ताटली उचलली, गाईच्या पाठीवर एक थाप मारली आणि आत गेल्या.

मी अंगणात कमरेचा पट्टा हातात धरून उभा होतो. मला वाटलं, वादळाने या घरातल्या माणसांच्या डोक्यावर परिणाम केलेला दिसतो.

"घाबरू नको, वायरमना," बाबल हळूच म्हणाला. "अकरा वर्सां अशीच चल्ली हा. तांबूच्या आदी तिची आवस होती." आवस म्हणजे आई.

बाबल हा त्या वाडीतला माडावर चढून नारळ पाडणारा माणूस. पन्नाशीचा, काटकुळा, आणि बोलायला लागला की थांबायचं नाव नाही. मला मदतनीस म्हणून तोच मिळाला होता. त्याच्याकडून अर्ध्या तासात मला सगळा इतिहास कळला. आत गेल्या त्या भागीरथी धुरी, थोरली जाऊ. गाठोडंवाल्या त्या इंदिरा धुरी, धाकटी जाऊ. दोघींचेही नवरे वारलेले, मुलं शहरात. अकरा वर्षांपूर्वी गणपतीत धाकटीचे उकडीचे मोदक फुटले, आणि थोरली चाळीस माणसांच्या पंक्तीत म्हणाली, "सारण बगूक म्हणान तोंडां उघडी ठेवलंस काय गो?" झालं. धाकटीने चूल वेगळी केली, मग गडग्यापलीकडे, म्हणजे दगडी कुंपणापलीकडे, घर वेगळं केलं. मोलमजुरी करून, काजूच्या बिया वेचून तिने एकेक खोली वाढवली आणि यंदाच सगळ्या घरावर नवी कौलं घातली. तेव्हापासून दोघींमध्ये जे काही बोलायचं ते थोरलीच्या गाईमार्फत.

मी हसलो. पण मला हसायचा अधिकार नव्हता. मी, हणमंत काळेल, मूळचा माण तालुक्यातला. दोन वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या भावाने माझ्या होणाऱ्या सासुरवाडीच्या माणसांसमोर म्हटलं होतं, "ह्याला बैलगाडी हाकाय येत न्हाय, ह्यो वीज काय हाकणार?" गाडी मी ओढ्यात घातली होती हे खरं, पण सांगायची ती वेळ होती का? मी वीजखात्यात लागलो तेव्हा गावापासून सगळ्यात लांबची नेमणूक मागून घेतली आणि दादाशी बोलणं टाकलं. त्यामुळे मोदकावरून अकरा वर्षं म्हणजे काय, हे मला तसं समजत होतं.

आता मी इथे का आलो होतो ते. चार दिवसांपूर्वी, मेच्या शेवटी, वादळ आलं आणि वाडीतले निम्मे खांब आडवे झाले. बाकी सगळं आम्ही उभं केलं, अडलं ते या एका जागी. दोन घरांच्या मधे, गडग्याला लागून एक रायवळ आंबा होता. त्याची बैलगाडीएवढी लांब फांदी कडाडून मोडली होती आणि पूर्ण तुटून न पडता धाकटीच्या नव्या कौलांवर आडवी लोंबत राहिली होती. विजेची तार तिच्याखाली दबलेली. फांदी निघाल्याशिवाय वाडीला वीज नाही. फांदी पडली तर धाकटीचं घर नाही. म्हणून सरपंचांनी धाकटीला बळेच उचलून थोरलीच्या पडवीत आणून बसवलं होतं, आणि ती तीन दिवस गाठोडं न सोडता तिथे बसली होती.

"वायरमना," गाठोडंवाल्या इंदूकाकींनी मला हाक मारली. माझ्याशी त्या थेट बोलल्या, माझ्यात आणि त्यांच्यात गाय नव्हती. "माझ्या घराचा एकय कौल फुटूक नको हां, झिला. माका दुसरां घर नाय."

"एक पण फुटणार नाही, काकी," मी म्हणालो. "मला ट्रेनिंग आहे."

ट्रेनिंग होतं, पण खांबांचं. आमच्या माणात झाड म्हणजे बाभूळ, आणि बाभळीवर माणूस चढत नाही, शेळी चढते. कोकणातलं झाड मी जवळून पहिल्यांदा बघत होतो. मात्र खात्याने दिलेली एक सुरक्षा पुस्तिका माझ्या खिशात होती आणि तिच्यात झाडांच्या फांद्यांवर सबंध एक प्रकरण होतं. पहिली गोष्ट, वीज बंद करून घ्यायची आणि तारेला दोन्हीकडून साखळ्या लावून ती जमिनीला जोडायची. ते मी केलं. दुसरी गोष्ट, फांदीखाली कुणी उभं राहायचं नाही. ते मी ओरडून सांगितलं आणि त्यासरशी सगळी वाडी फांदीखाली येऊन वर बघायला लागली. त्यांना हाकलून येईपर्यंत गाईने पडवीवर ठेवलेली पुस्तिका निम्मी खाल्ली होती. झाडांचं प्रकरण त्या निम्म्यात गेलं.

"ही गाय बांधत का नाही कुणी?" मी कावलो.

"दावां नाय," भागीकाकी दारातून म्हणाल्या.

"गेलं कुठं?"

"वादळात गेलां."

"वादळात गोठ्याचा पत्रा हलूक नाय, आणि दावां गेलां," इंदूकाकी गाईला म्हणाल्या. भागीकाकी घाईघाईने आत गेल्या.

बाबल आणि मी गडग्यावर उभं राहून फांदी नीट पाहिली. जिथे मोडली होती तिथे पांढरं लाकूड उघडं पडलं होतं, आणि खोडाशी तिला धरून होती ती फक्त साल. चार बोटं रुंद. तिच्या अलीकडे एक मोठं बांडगूळ वाढलं होतं, हिरवंगार, भाताच्या पेंढीएवढं.

"वायरमना, ही खांदी रवली कशी, ता माका कळणा नाय," बाबल म्हणाला. "चार बोटां सालीर येवढी खांदी? काल केदो वारो होतो! माझ्या उभ्या जल्मात असां बघूक नाय."

"मग?"

"राखणदारान धरून ठेवल्यान हा. दुसरां काय?"

मला त्या राखणदाराचं, वाडी सांभाळणाऱ्या देवाचं, काही वाटलं नाही. मला वाऱ्याचं वाटत होतं. रेडिओवर संध्याकाळपर्यंत पुन्हा वारा सांगितला होता. चार बोटं साल काल टिकली म्हणून आज टिकेल असं कुठे लिहिलं होतं? लिहिलं असलं तरी ते गाईच्या पोटात होतं.

पण काम सुरू होईना. भागीकाकींचं सारखं काहीतरी निघे. आधी म्हणाल्या, "आज मंगळवार. झाडाक लोखंड लावचां नाय." सरपंचांनी समजूत काढली तर म्हणाल्या, "चाय घेवा." चहा झाला तर फणसाचे गरे आले. गरे संपले तर म्हणाल्या, "गाऱ्हाण्याशिवाय कोण चढत असलो तर माझ्या अंगणातून भायर व्हा." मला त्यांचा इतका राग आला की सांगता सोय नाही. तीन दिवस धाकटी जाऊ पडवीत बसून आहे, तिचं घर एका सालीवर टांगलंय, आणि ही बाई गरे वाढतेय! मला वाटलं, हिला ती फांदी पडलेलीच हवी असणार.

गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे सगळ्यांदेखत मोठ्याने मांडायचं मागणं. एकाने बोलायचं आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी होकार द्यायचा. बाबलने टोपी सरळ केली, झाडाच्या बुंध्याशी नारळ ठेवला आणि आवाज लावला.

"बा राखणदारा म्हाराजा! ह्या झाडार तुझी वस्ती! आज आमी तुझी मोडलेली खांदी उतरवूक इलाव!"

"व्हय म्हाराजा!" सगळी वाडी गरजली.

"हो वायरमन घाटावरचो आसा, त्येका झाडातला काय कळणा नाय! त्येका सांबाळून घे!"

"व्हय म्हाराजा!" हा होकार जरा जास्तच जोरात आला.

"इंदूच्या घराचा कौल फुटूक नको!"

"व्हय म्हाराजा!" यात भागीकाकींचा आवाज सगळ्यांच्या वर होता. मला ढोंगीपणाच वाटला तो.

बाबलला चेव आला. "आणि ह्या दोगी जावांच्या मनात अकरा वर्सां जा किटाळ आसा, ता आज ह्या खांदीबरोबर जमनीर पडू दे रे म्हाराजा!"

सगळे थांबले. त्या दोघींच्या वतीने होकार कुणी द्यायचा, हा प्रश्नच होता. इंदूकाकींनी गाठोडं छातीशी घेतलं. भागीकाकी बुंध्याकडे बघत राहिल्या. शेवटी तांबू हंबरली.

"चला, एकाचा तरी झाला," बाबल म्हणाला आणि नारळ फोडला.

मी चढलो. आंब्याचं खोड खांबासारखं नसतं, हे मला पहिल्या तीन हातांतच कळलं. खांबाला मुंग्या नसतात. लाल मुंग्यांच्या एका घरट्यात मी हात घातला तेव्हा माझ्या तोंडून माणदेशी भाषेत जे निघालं ते ऐकून खाली बायकांनी पदर तोंडाला लावले. मग बाबल खालून एकेक सांगत गेला आणि मी करत गेलो. मोडक्या फांदीच्या वरच्या अंगाला एक जाड, भक्कम फांदी होती, तिच्यावरून मी मोठा दोर टाकला आणि त्याचं टोक मोडक्या फांदीच्या मध्यावर बांधलं. दुसरा दोर टोकाकडे बांधून खळ्याकडे सोडला. पहिला दोर सहा माणसांनी धरायचा आणि हळूहळू सैल करायचा, दुसरा बाबलने खळ्याकडे ओढायचा. म्हणजे साल कापली की फांदी घरावर न पडता अलगद वळून मोकळ्या खळ्यात उतरेल. टोकाकडच्या बारीक डहाळ्या मी आधीच कोयत्याने छाटून एकेक करून खाली सोडल्या, म्हणजे वजनही कमी होईल. तास गेला. घामाने पट्टा भिजला. पण काम ठीक चाललं होतं, आणि मला वाटायला लागलं की दादा आत्ता इथे असता तर बरं झालं असतं.

खाली भागीकाकींची मात्र चुळबुळ सुरू झाली होती.

"तांबू, त्येका सांग, आदी तां बांडगूळ काढ."

मी लक्ष दिलं नाही. बांडगूळ म्हणजे पानांचा झुबका. त्याच्यात वेळ घालवायला वारा थांबणार होता का? पश्चिमेकडून पहिली झुळूक आलीच होती, आणि फांदी किंचित कुरकुरली होती.

"तांबू! बांडगूळ!"

"काकी, गाईला म्हणावं गप बस!" मी वरून ओरडलो. खाली हशा पिकला. मी सालीच्या खालच्या बाजूने आधी एक खाच मारली, म्हणजे साल सोलत खोडावर ओरबाडत जाणार नाही. तेवढं पुस्तिकेतलं लक्षात होतं. मग वरून करवत लावली आणि खाली बघून विचारलं, "दोर ताठ आहेत?"

"ताठ!" सहाजण म्हणाले.

"सोडू?"

"सोड!"

"थांब!" भागीकाकी किंचाळल्या. "थांब रे मेल्या! करवत थांबय! दावां आसा थंय!"

करवत थांबली. सगळंच थांबलं.

"खंयचां दावां?" बाबलने विचारलं.

"तांबूचां! बांडगुळाच्या आत! खांदी खोडाक बांदलेली हा!"

मी डाव्या हाताने बांडगुळाची पानं बाजूला केली. आत काथ्याचं जाड दावं होतं. फांदीला चार वेढे, खोडाला चार वेढे, आणि मधे अशी गाठ की बैल जोडला तरी सुटू नये. तीन दिवस त्या चार बोटं सालीने काहीच धरलं नव्हतं. सगळं धरलं होतं त्या दाव्याने. आणि मी ते न बघता साल कापली असती, तर फांदी खळ्याकडे गेलीच नसती. दाव्याला लटकून उलटी फिरली असती, आधी मला घेतलं असतं आणि मग इंदूकाकींचं सगळं छप्पर. मी खोडाला मिठी मारली. मुंग्या चावत होत्या, चावू दिल्या.

"कोणी बांदल्यान ह्यां?" सरपंच म्हणाले.

भागीकाकींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"मीच बांदलंय," त्या शेवटी म्हणाल्या. "वादळाच्या दुसऱ्या दिसा, फाटफटी. लोक उठूच्या आदी चढलंय. खांदी पडली असती तर घर ग्येलां असतां."

"मगे तीन दिवस सांगूक काय झाला तुका?" बाबल ओरडला. "आमी राखणदारापुढे नारळ फोडलो!"

"कोणाक सांगू? ती माझ्याशी बोलता खंय?"

एवढं चवळीच्या शेंगेएवढं ते शरीर. बासष्ट वर्षांची बाई. ओल्या, शेवाळलेल्या खोडावर, मोडक्या फांदीच्या जबड्यात, हातात गाईचं दावं घेऊन. आणि मी खांबावरचा प्रशिक्षित माणूस वरून खोडाला मिठी मारून बघत होतो. मंगळवार, चहा, गरे, गाऱ्हाणं, आणि शेवटी गाईकडून निरोप. बाई सकाळपासून न सांगता सांगायची वाट शोधत होती, आणि मी तिला ढोंगी ठरवून बसलो होतो. मला माझीच लाज वाटली.

इंदूकाकी उठल्या. गाठोडं तीन दिवसांत पहिल्यांदा खाली ठेवलं.

"बाय," त्या म्हणाल्या. "पाय घसरलो असतो तर?"

भागीकाकींनी सवयीने गाईकडे पाहिलं. पण तांबू तिथे नव्हती. ती खळ्याच्या टोकाला मी छाटलेल्या डहाळ्यांची कोवळी पानं खात होती, दोन्ही घरांकडे पाठ करून. इकडे तिकडे बघायला दुसरं काही उरलं नव्हतं. मग त्यांनी जावेकडेच पाहिलं.

"घसरलो नाय."

"साठी उलाटली तुझी!"

"म्हणान जपान चढलंय. पयल्यासारखी खाली पदर धरूक तू खंय होतंस?"

वाडीतली म्हातारी माणसं एकमेकांकडे बघून हसली. पुढे बाबलने सांगितलं की लग्न होऊन आल्या तेव्हा सासू निजली की दोघी याच झाडाखाली यायच्या. थोरली चढून आंबे पाडायची आणि धाकटी पदरात झेलायची.

"ओ बायांनू," मी वरून म्हणालो, "तुमचं झालं असलं तर मी इथं आहे. आणि मुंग्या आहेत."

त्यानंतरचं काम अर्ध्या तासाचं. बांडगूळ काढलं. दाव्याच्या जागी तिसरा दोर बांधून त्याचा भार खाली आणखी दोन माणसांकडे दिला, मग दावं कोयत्याने तोडलं. पुन्हा एकदा सगळे दोर तपासले, खळ्यातून तांबूला हाकललं, आणि करवत लावली. चार बोटं साल ती, करवतीच्या सहा फेऱ्यांत सुटली. फांदी एकदा कण्हली, दोरांवर तोलली, वळली आणि खळ्यात उतरली. उतरताना भागीकाकींची पितळेची बादली चेपली. कौल एकही फुटलं नाही. इंदूकाकी घराभोवती फिरून मोजून आल्या.

तार ओढून पुन्हा ताणली, साखळ्या काढल्या, वीज सोडायचा निरोप गेला, आणि उन्हं कलायच्या आत पडवीतला दिवा लागला. वाडीने मला खांद्यावर घ्यायचं ठरवलं होतं, पण माझ्या अंगावरच्या मुंग्या बघून बेत बदलला.

इंदूकाकींनी गाठोडं उचललं. आता अडायचं कारण नव्हतं. गडग्यात एक माणूस जाईल एवढी फट होती, तिथपर्यंत त्या गेल्या. भागीकाकी पडवीच्या खांबाला धरून चेपलेल्या बादलीकडे बघत होत्या. मी पट्टा सोडायचं निमित्त करून रेंगाळलो. खोटं कशाला सांगू, मला पुढे काय होतं ते बघायचं होतं.

इंदूकाकी फटीत थांबल्या. मागे न वळता म्हणाल्या, "गायीक दावां नाय."

"नाय," भागीकाकी म्हणाल्या.

"ती आता सगळ्यांच्या माडांची रोपां खायत."

"खायत."

"माझ्याकडे काथो भिजत घातलेलो आसा."

"मगे वळ."

तेव्हा इंदूकाकी वळल्या, आणि तडफेने बोलल्या.

"वळ म्हणे! एकटी कशी वळू? दोराक दोन टोकां असतत, दोन माणसां लागतत! येतंस काय, की गायीकडून निरोप धाडू?"

भागीकाकी पडवीवरून उतरल्या. पायात चप्पल नव्हती, ती घ्यायलाही थांबल्या नाहीत. गडग्याच्या फटीतून दोघी एकामागोमाग पलीकडे गेल्या. बऱ्याच वेळाने मी खांबाजवळून निघालो तेव्हा इंदूकाकींच्या अंगणात एक टोक एकीने धरलं होतं, दुसरं दुसरीने, आणि दोघी समोरासमोर उभ्या राहून पीळ देत एकमेकींना नावं ठेवत होत्या. फुटक्या मोदकांचा विषय निघालेला होता.

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या गावी परतलो आणि एस.टी. स्टँडवरच्या टेलिफोनच्या टपरीत शिरलो. आमच्या गावात तेव्हा एकच फोन, किराणा दुकानात. दादाला बोलवायला पोऱ्या धाडला, दहा मिनिटांनी पुन्हा फोन लावला. दोन वर्षांनी त्याचा "हॅलो" ऐकला. धापा टाकत होता, पळत आला असणार.

मी सकाळपासून घोकलेलं सगळं विसरलो. तारेतून नुसती खरखर येत होती. टपरीवाला मीटरकडे बघत होता. आमच्यात गाय नव्हती, मी शेरडांवर भागवलं.

"दादा," मी म्हणालो, "शेरडं काय म्हणत्यात?"

त्याची धाप थांबली.

"बरी हायत," तो म्हणाला. "तुझी लई वाट बघत्यात."